वरून तिसरा फ्यूज

माझी गाडी रस्त्यात बंद पडली की आधी एक मोटारसायकल थांबते. तिच्यावरचा माणूस उतरतो, बॉनेटकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि विचारतो, "डिझेल आहे ना मॅडम?" त्याच्यामागे दुसरा थांबतो. तो विचारतो, "साहेब कुठे गेले?" साहेब, म्हणजे आमचे हे, घरी असतात. त्यांना गाडी येत नाही. क्लच सोडताना त्यांचा पाय थरथरायचा, म्हणून लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच त्यांनी तो नाद सोडला आणि तेव्हापासून आमच्या घरची गाडी मी चालवते. रस्त्यावर थांबणाऱ्या प्रत्येकाला हे सांगून सांगून माझी जीभ झिजली, पण अजून एकानेही ते पहिल्या फटक्यात खरं मानलेलं नाही.

मला राग लवकर येतो. तो मी लपवत नाही आणि लपवायला गेले तरी लपत नाही. जळगावच्या ज्या शाळेत मी गणित शिकवते, तिथली मुलं माझ्या चपलांचा आवाज लांबून ओळखतात. पण या गाडीने मला जो राग आणला तो नेहमीचा, आला आणि गेला असा नव्हता. तो सात-आठ महिने मुक्कामाला होता.

गाडी चौदा वर्षांची. पांढरी, उंच, डिझेलवरची, शेतातल्या रस्त्यावरही न कुरकुरता जाणारी. आम्ही घेतली तेव्हाच ती कुणाच्या तरी हाताखालून आलेली होती. ती घेतली ती आबांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी. आबांचे गुडघे वाकत नाहीत. लहान गाडीत त्यांना खाली बसवायचं आणि परत ओढून काढायचं म्हणजे दोन माणसांचं काम. या गाडीत ते पायरीवर पाय ठेवतात, वरची मूठ धरतात आणि बैलगाडीत चढावं तसे एकटे चढतात. कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नाही.

आबा चोपड्याकडच्या आमच्या गावी केळीच्या बागेत सगळी हयात घालवलेले. आई गेल्यावरही ते तिथेच राहिले असते, पण डोळ्यांनी दगा दिला. उजवा डोळा आम्हाला कळेपर्यंत गेला होता. डाव्यात पडद्याखाली पाणी साचतं, त्यासाठी महिन्याला एक इंजेक्शन. डोळ्यात इंजेक्शन, हे ऐकून मी दुसरा काही उपाय विचारत सुटले, पण आबा म्हणाले, "आपला धुळ्याचा डॉक्टर देस ना, मंग देऊ दे." या डॉक्टरांनी पूर्वी त्यांचा मोतीबिंदू काढला होता. जळगावात डोळ्यांचे दवाखाने काय कमी आहेत? पण नाही. आबांचा विश्वास एकदा बसला की तो तिथून हलत नाही. म्हणून त्यांना जळगावला माझ्याकडे आणलं आणि दर महिन्याला एरंडोल, पारोळा करत धुळ्याची फेरी सुरू झाली. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं, "तारीख चुकवायची नाही. जे जाईल ते परत येणार नाही."

आणि नेमकं त्याच वेळी गाडीला बंद पडण्याचं वेड लागलं.

चालता चालता ती एकदम गप्प व्हायची. खोकणं नाही, धक्का नाही, समोरच्या मीटरचे सगळे दिवे जायचे आणि इंजिन मेलेलं. कधी पंधरा दिवस काही नाही, कधी दिवसातून दोनदा. पहिल्या गॅरेजवाल्याने बॅटरी बदलली. दुसऱ्याने बॅटरी चार्ज करणारं यंत्र काढून दुसरं बसवलं. तिसऱ्याने गाडीला संगणक जोडला, त्याच्या पडद्याकडे भक्तिभावाने बघितलं आणि "सेन्सर" एवढा एकच शब्द उच्चारला. मी काही विचारलं की तिघंही उत्तर माझ्या खांद्यावरून मागे द्यायचे, तिथे आमचे हे उभे असायचे आणि माना डोलवायचे. त्यांना सेन्सर म्हणजे काय हे आजही सांगता येणार नाही. एकदा मी चिडून म्हटलं, "गाडी माझी, चालवते मी, बंद पडते ती माझ्या हातात, तर बोला ना माझ्याशी!" त्यावर तो गृहस्थ आमच्या यांच्याकडे बघून हसला. ते हसू आठवलं की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

चौथा माणूस मात्र वेगळा निघाला. चौफुलीपलीकडच्या गॅरेजांच्या रांगेत शेवटचं दुकान, गाडीच्या वायरिंगचंच काम करणारे एक मिस्तरी. साठीचे, बारीक अंगाचे, चष्म्याला दोरी बांधलेले. त्यांनी आधी माझं म्हणणं पूर्ण ऐकलं. मग आबा बसले होते त्या बाजूचं दार उघडलं, आबांच्या गुडघ्यांसमोर डॅशबोर्डखाली एक झाकण होतं ते काढलं आणि म्हणाले, "हे बघा ताई, वरून तिसरा. हा उडतो. मीटर, रिव्हर्सचा दिवा आणि इंजिनाला डिझेल सोडणारी कळ, तिन्हींना करंट इथूनच जातो. हा गेला की इंजिन गेलं." त्यांनी चिमट्याने तो फ्यूज काढून दाखवला. नखाएवढा प्लास्टिकचा तुकडा, खाली दोन पाय, मधली पट्टी जळालेली. "बदलतो. पण हा का उडतो ते शोधायला पाहिजे. कुठेतरी वायर घासतीय. गाडी दोन दिवस सोडा माझ्याकडे."

मी म्हटलं, बघू. शाळा, क्लास, आबांची औषधं, दोन दिवस गाडीशिवाय कसे काढायचे? ते "बघू" माझ्याच तोंडचं होतं, हे आज सांगायला हवं.

त्यानंतरच्याच तारखेला सकाळी गाडी अंगणातून मागे घेताना बंद पडली. मिस्तरींचं दुकान त्या दिवशी बंद होतं, नवा फ्यूज त्यांनी दुसऱ्या दिवशी टाकला. भाड्याची गाडी मिळेना, लग्नाची दाट तिथी होती, जळगावातली प्रत्येक गाडी कुठल्या ना कुठल्या वऱ्हाडात गेलेली. एसटीने जाऊ म्हटलं तर त्या दिवशी आबांचे गुडघे इतके सुजले होते की गाडीतच ते कसेबसे चढले होते, एसटीच्या पायऱ्या झेपणार नव्हत्या. दवाखान्यात फोन केला. डॉक्टर दुसऱ्या दिवसापासून बाहेरगावी, पुढची जागा तीन आठवड्यांनी. मी फोनवर त्या मुलीला नाही नाही ते बोलले. मग गाडीच्या टायरला लाथ मारली आणि माझाच अंगठा सुजला. आबा गाडीत पुढच्या सीटवर बसून होते. तारखेच्या दिवशी ते तासभर आधीच आंघोळ करून, स्वच्छ बंडी घालून गाडीत जाऊन बसायचे. त्या दिवशी त्यांना परत खाली उतरवावं लागलं.

तीन आठवड्यांनी गेलो तेव्हा डॉक्टरांनी डाव्या डोळ्यात दिवा टाकून बराच वेळ बघितलं. "मधलं थोडं गेलंय," ते म्हणाले. "कडेचं आहे अजून. ते सांभाळू या." मी गाडीवर, गॅरेजवाल्यांवर, लग्नाच्या तिथींवर इतकी संतापलेली होते, की मधलं जातं म्हणजे नेमकं काय जातं, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

आणि मग गाडी एकदम सुधारली. दोन महिने एकदाही बंद पडली नाही. मी शाळेत सांगत सुटले की मिस्तरींनी फ्यूज काय बदलला, गाडीचं ग्रहणच सुटलं. घरी मात्र मी सुधारले नव्हते. आबांना एक नवीन सवय लागली होती. मी खोलीत गेले की ते विचारायचे, "कोन शे?" दिवसातून दहा वेळा. चहा नेला, "कोन शे?" औषध नेलं, "कोन शे?" मी म्हणायचे, "मी आहे आबा, दुसरं कोण असणार या घरात!" एकदा तर कप इतक्या जोरात ठेवला की चहा बशीत सांडला.

दोन महिन्यांनी हॉर्न वाजेना म्हणून गाडी मिस्तरींकडे नेली. हॉर्नचं काम दोन मिनिटांचं होतं. पण सवयीने त्यांनी डावीकडचं झाकण काढलं आणि ते थबकले. मग चिमट्याने तिसरा फ्यूज ओढून तळहातावर घेतला. त्याच्या दोन्ही पायांना तांब्याची तार गुंडाळलेली होती. केसासारखा एक पदर नव्हे, चार-पाच पदरी, पीळ दिलेली, घट्ट.

"ताई, ही तार कुणी टाकली?" त्यांनी विचारलं.

आता या प्रश्नात रागवण्यासारखं काय होतं? काहीच नव्हतं. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. घरी गाडीला हात लावणारी मी एकटी. आमचे हे बॉनेटच्या जवळही जात नाहीत. आबांना दिसत नाही. मग तार टाकणार कोण? हेच मिस्तरी. फॉल्ट सापडला नाही म्हणून तार टाकून मोकळे झाले आणि आता साळसूदपणे मलाच विचारतायत! मी तसं बोलले. मोठ्याने बोलले. दुकानात तीन-चार गिऱ्हाईकं होती, शेजारच्या पंक्चरवाल्याने काम थांबवलं. "माझे वडील बसतात त्या सीटवर," मी ओरडले, "आग लागली असती म्हणजे? लाज वाटत नाही?"

मिस्तरींनी चष्मा काढून पुसला. "ताई, चाळीस वर्षं हे काम करतोय. मी तार टाकत नाही."

"मग काय भुताने टाकली?"

त्यांनी चष्मा परत लावला. तार सोडवून खिशात घातली, नवा फ्यूज बसवला आणि म्हणाले, "अजूनही सांगतो, दोन दिवस गाडी सोडा." मी धाडकन दार लावून निघाले. घरी येऊन यांना आणि आबांना सगळा प्रकार तिखटमीठ लावून सांगितला. हे म्हणाले, "आजकाल कुणावर विश्वास ठेवायची सोय नाही." आबा बंडीच्या खिशात हात घालून ऐकत बसले होते. मला वाटलं, मिस्तरींचा राग आला असणार त्यांना.

पुढची तारीख आली. आबा नेहमीसारखे तासभर आधी गाडीत जाऊन बसले. मी डबा भरला, फाइल घेतली, निघालो. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. चौपदरी रस्ता मोकळा होता, गाडी छान पळत होती. मग एका पुलाच्या जोडावर जरा जोरात आदळली आणि थोड्या वेळात मला वास आला. जळक्या रबराचा, कडवट वास. बघते तो आबांच्या गुडघ्यांपुढून, त्या झाकणाच्या फटीतून, पांढरा धूर येत होता.

"उभी कर! गाडी उभी कर आधी!" आबा ओरडले.

मी गाडी कडेला घेतली, चावी फिरवली. इंजिन बंद झालं तरी धूर निघतच होता. मी त्यांच्या बाजूला धावत जाऊन दार उघडेपर्यंत आबांनी ते झाकण उपटून खाली टाकलं होतं. त्यांचं तोंड भलतीकडे होतं, खिडकीकडे. नुसती बोटं आत चालत होती. वरून एक, दोन, तीन. तिसऱ्यावर ती थांबली, चिमटीत धरलं आणि ओढलं. त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला, पण त्यांनी ते सोडलं नाही, दाराबाहेर फेकलं. रस्त्याच्या कडेच्या मातीत तो पडला होता. अर्धा वितळलेला फ्यूज आणि त्याला काळी पडलेली, पीळ दिलेली तांब्याची तार.

मी तारेकडे बघितलं. मग आबांकडे. त्यांच्या अंगठ्याला आणि तर्जनीला पांढरे फोड उठत होते.

आबांशी मी एरवी शहरातलं बोलते, पण रागाच्या भरात तोंडाला गावचं बोलणं येतं. "तुम्ही टाकी तार?" मी किंचाळले. "काय समजीसन टाकी? जळी मरतूत ना आपन दोन्ही!"

"मीच टाकेल शे," आबा म्हणाले.

हे मला आधी कळायला हवं होतं. गावाला आमच्या बागेच्या बांधावर डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची फ्यूजपेटी होती, दहा-बारा विहिरींच्या मोटारी तिच्यावर चालायच्या. उन्हाळ्यात भार वाढला की डीपीतला फ्यूज जायचा. एकट्या वायरमनकडे इतकी गावं, तो येणार कधी आणि केळीला पाणी देणार कधी? मग लोक आबांना बोलवायचे. आबा काठीने कळ पाडायचे, फ्यूजची चिनी मातीची खुंटी काढायचे आणि तिच्यात तार टाकायचे. हवी तेवढी बारीक नाही, चांगली जाड, पदरावर पदर घेऊन. म्हणायचे, "आते नही जाव." आता नाही जाणार. आणि जायचा नाही. आमच्या सगळ्या शिवारात तार टाकण्यात आबांचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि ते त्यांनी कितीदा अंधारात, नुसत्या बोटांनी केलेलं मी लहानपणी पाहिलेलं. त्या बोटांना डोळे लागतच नव्हते. मी मात्र गॅरेजमध्ये ठणकावून सांगत होते की आबांना दिसत नाही. आबांच्या खोलीत पडलेल्या जुन्या इस्त्रीची वायर दोन-तीन महिने सापडत नव्हती, तीही मी याच्याशी जोडली नव्हती.

पुढच्या अर्ध्या तासात मी आबांना जे बोलले ते लिहीत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तारीख चुकाले नको."

समोरच्या ढाब्यावरच्या माणसांनी गाडी ढकलून आवारात घेतली. आता कुणाला फोन करणार? फोनमध्ये खरोखर काम येणाऱ्या माणसाचा नंबर एकच होता. घंटा वाजत होती तेव्हा मनात आलं, उचलू नये त्यांनी. उचलला. मी काय झालं ते एका दमात सांगितलं, तार कुणाची हे सोडून. मिस्तरी म्हणाले, "आबा ठीक आहेत ना? बरं. पान्हा मागून घ्या, बॅटरीची एक वायर सोडवून ठेवा, चावी ढाब्यावर द्या. तुम्ही दवाखाना करून या. मी निघतो." त्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही. त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर मला हलकं वाटलं असतं. आता उलट भांडायलाही काही उरलं नाही, याचाच मला राग आला.

एसटीला हात केला. कंडक्टरने आणि एका बाईने मिळून आबांना वर घेतलं, तेव्हा कुणाचा हात लागल्याची तक्रार त्यांनी केली नाही. धुळ्यापर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले. दवाखान्यात नर्सने बोटांचे फोड बघून विचारलं, "हे काय झालं आजोबा?" आबा म्हणाले, "चहाना गिलास गरम व्हता." मी दात आवळून बसले. इंजेक्शन झालं, डोळ्यावर पट्टी आली, बोटांना मलम लागलं. डॉक्टर म्हणाले, कडेचं आहे तसं टिकून आहे.

परत ढाब्यावर पोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. मिस्तरी गाडीखाली पडलेले, नुसते पाय दिसत होते. जळगावहून मोटारसायकलवर आले होते, या वयात, इतकं अंतर. मला बघून बाहेर आले, हात पुसले आणि गाडीखाली टॉर्च मारून गिअरबॉक्सजवळची एक वायर दाखवली. "रिव्हर्सच्या दिव्याच्या स्विचला जाणारी. इथे पत्र्याच्या कडेला घासून घासून उघडी पडली. गाडी आदळली की पत्र्याला लागते, की फ्यूज जातो. तो सांगायला जातो ताई, इथे बघा म्हणून. त्याला तारेने बांधून ठेवलं की मग वायर तापते." त्यांनी जळलेल्या वायरी बदलल्या होत्या, त्या दिव्याची जोडणी सध्या तोडून ठेवली होती. सगळं मिळून दोन-तीन तासांचं काम. मी दोन दिवस गाडी सोडली असती तर कधीच झालं असतं, आणि ती एक तारीख चुकली नसती. ते हे बोलले नाहीत. मीच मनात बोलले, आणि आता हा राग टाकायला दुसरं कुणी समोर नव्हतं.

"मिस्तरी," मी म्हटलं, "त्या दिवशी दुकानात मी बोलले ते चुकीचं होतं. तार आबांनी टाकली होती. मला माफ करा." माफीसुद्धा माझ्या तोंडून इतकी तडातडा निघाली की ढाब्यावरचे दोघं वळून बघायला लागले.

मिस्तरी म्हणाले, "मला अंदाज होता. त्या तारेला जो पीळ होता तो डीपीवाल्या माणसाचाच. माझे वडीलही तसाच द्यायचे." मग ते बाजेवर बसलेल्या आबांजवळ गेले, खाली वाकले. "आबा, मी नवा फ्यूज घातला होता ना? मग परत तार कशाला?"

 पट्टी बांधलेलं तोंड आबांनी आवाजाकडे फिरवलं, माझ्याकडे नाही. मी बाजूलाच उभी होते.

"एक खेप आमनी चुकनी," ते म्हणाले. "त्या महिनामा मन्हा डोयानं मधलं गयं. आजूबाजूनं बठ्ठं दखास, सगळं दिसस. दरवाजा दखास, झाड दखास, गाडी दखास. समोर मानूस उभा र्‍हायना ते त्यानं तोंड नही दखास. हाई मन्ही आंडेर, मन्ही पोर शे ना, हिनं तोंड मी त्या दिनपाईन देखं नही." त्यांनी जळालेली बोटं मांडीवर उताणी ठेवली. "आखो एक तारीख चुकती ते उरेल बी जातं. म्हनीसन टाकी तार."

"पण ताईंना सांगायचं ना, आबा."

"धाक वाटे," आबा म्हणाले. "तोंड ते दखास नही. नुसता आवाज येस हिना. आन् तो सदा संतापेल र्‍हास."

मिस्तरींनी माझ्याकडे बघितलं नाही, ते अवजारं गोळा करायला लागले. मी तिथेच उभी राहिले. "कोन शे?" दिवसातून दहा वेळा. आणि मी दहा वेळा त्यांना काय ऐकवलं होतं, ते ओळीने आठवत गेलं.

परतीला आबा पुढच्या सीटवर बसले, पट्टी डाव्या डोळ्यावर, म्हणजे आता काहीच दिसत नव्हतं. मिस्तरींची मोटारसायकल मागून येत होती. मी गाडी चालवत होते आणि बोलत नव्हते, कारण तोंड उघडलं की कुठला आवाज निघेल याची मला खात्री नव्हती. राग होताच. आबांचा होता, तारेचा होता, आणि सगळ्यात जास्त ज्याचा होता ती बाई स्टिअरिंगवर बसली होती. बऱ्याच वेळाने आबांनी हात पुढे करून डॅशबोर्ड चाचपला आणि विचारलं, "कोन चालाडी राहिनं गाडी? तूच शे ना?"

मी गाडीचा वेग कमी केला.  मग जमेल तितक्या हळू म्हटलं, "मीच शे, आबा. पारोळा येई राहिनं. डावा हातले कपाशी शे, बोंडं फुटी राहिनात."

"हां," आबा म्हणाले आणि मागे टेकले. "मंग?"

मग मी त्यांना रस्ता सांगत राहिले, पाट्या वाचत, शेतं सांगत, जळगाव येईपर्यंत.